तुमी हसलात की मी सुटलो

काकू, पयलंच सांगतो, हे मी लिवत नाय. मी बोलतोय, मंदा लिवते. माझी शाळा तिसरीत सुटली. मास्तर म्हनाले, धर्मा, तू उद्यापासून येऊ नको, मी देवाला नारळ फोडतो. मंदा दहावीपर्यंत गेलेली, तिचं अक्षर पन बरं हाय. मधीच ती पेन थांबवते आनि म्हनते, "अवो, हे नका सांगू, लोक हसतील." म्हनून ह्यात कुठं मी शाना दिसलो तर तो मंदाचा हात समजा.

काल तुमचं तेरावं झालं. खुर्च्या माझ्याच होत्या. तुमची लेक अश्विनीताई म्हनत होती, काका, त्या दिवशी तरी तुम्ही पाहुण्यासारखे या, खुर्च्या दुसऱ्याकडून मागवू. मी म्हनलं, ताई, विचुंब्यात काकूंच्या बिल्डिंगीखाली दुसऱ्याच्या खुर्च्या लागल्या तर काकू फोटोतून बोलतील. बोलला असतात की नाय? "धर्मा, ही खुर्ची डुगडुगते. माणसं बसवायची आहेत की पाडायची?" माझी एक खुर्ची खरंच डुगडुगते. तिच्यावर मीच बसलो.

पन काल तिथं माझ्या हातून एक गोष्ट झाली. तेराव्याला कुनी करू नये अशी. ती तुमाला सांगायची म्हनून तर हे बोलतोय. मात्र पयल्यापासून सांगतो, नायतर ज्यांनी आपल्याला दवाखान्याच्या त्या टाकीत बगितलं नाय त्यांना वाटंल, हा मानूस येडा हाय. येडा हायच, पन कसा ते कळायला पायजे.

आपली वळख झाली तुमच्या हातामुळं आनि माझ्या पायामुळं. तुमची रिक्षा उलटली आनि हात खाली आला. त्यात तुमचा काय दोष नव्हता. माझ्या पायाचं तसं नाय. कोन गावातून हळदीच्या मंडपाचं सामान भरून निघालो होतो. पळस्प्याच्या अलीकडं चढावर टेम्पो गरम झाला. हँडब्रेक आधीच म्हातारा. म्हनून मी शान्यासारखा उतरलो, चांगला मोठा दगड शोधला आनि चाकाला लावला. पुढच्या बाजूनं. चढावर गाडी मागं येते हे शेंबड्या पोराला कळतं. मी दगड लावून मागं जाऊन उभा रायलो, सामानाच्या रश्श्या बगायला. टेम्पोनं त्या दगडाकडं बगितलं पन नाय. सरळ माझ्या नडगीवर आला. ज्याला मी रोज सकाळी आंघोळ घालतो, दसऱ्याला हार घालतो, तो.

गावातली मानसं दवाखान्यात आली. सगळी तापलेली. "कुठल्या ट्रेलरनं मारला रं तुला?" मी म्हनलं, ट्रेलर नाय, माझाच टेम्पो. तशी निम्मी गर्दी चहा प्यायला गेली. ट्रेलर असता तर हायवे बंद केला असता माझ्यासाठी. नशिबात तेवढा मान नव्हता.

हाडं जुळवायला डॉक्टरांनी पायाच्या भाईरून लोखंडी दांड्या लावल्या. आमी मंडपाला पाइप लावतो तशा. मी म्हनलं, डॉक्टर, पाइप झाले, कापड कवा टाकनार? ते म्हनाले, "टाकणार ना. तुमच्या मांडीचं." मला वाटलं मस्करी करतायत. खरंच मांडीची कातडी काढून नडगीवर लावली.

मस्करी तिथं संपली. कापड धरंना. कडा काळ्या पडायला लागल्या, वास यायला लागला. मंदा पदर नाकाला लावायची नाय, मुद्दाम. तवा मला जास्त भीती वाटली. डॉक्टर म्हनाले, तिथं रक्त नीट पोचत नाय, म्हनून जखम भरत नाय. जास्त दाबाच्या हवेत बसवून, मास्कमधून नुसता ऑक्सिजन द्यायचा. तो रक्ताच्या पान्यात विरघळतो, आनि जिथं रक्त कमी जातं तिथपर्यंत जातो. "पण एक लक्षात ठेवा," ते म्हनाले, "मेलेल्याला ही टाकी जिवंत करत नाही. मरायच्या वाटेवर आहे त्याला परत बोलावते. रोज यायचं. मध्ये सोडायचं नाही." मी इचारलं, आनि नायच आला परत तर? त्यांनी गुडघ्याखाली आडवा हात धरला.

तर ती टाकी. पान्याचा टँकर घ्या, चाकं काढा, त्याला बोटीच्या गोल खिडक्या लावा, आत खुर्च्या मांडा. गावात मी तसंच सांगायचो.

आनि पयला दिवस. तुमी तो मला मरेपर्यंत ऐकवलात. तुमच्या मरेपर्यंत. मंदा म्हनते, असं नको लिवू. लिव.

आमच्यात मानूस मोठ्या कामाला निघाला की घरची बाई डोक्यावर तेल घालते. लग्नाला, कोर्टाला, कुठंबी. मंदानं त्या सकाळी वाटीभर खोबऱ्याचं तेल माझ्या डोक्यात जिरवलं. डोक्यावर केस चार. तेल कानामागून गळ्यात उतरलं होतं. दवाखान्यातले सुती कपडे घालून, व्हीलचेअरवर बसून मी ऐटीत टाकीच्या दारात आलो, आनि सिस्टरनं वास घेतला.

"दादा, तेल लावलंय?"

मला वाटलं आवडलं त्यांना. म्हनलं, "घरचं हाय सिस्टर. नारळ पन घरचा."

"आत ऑक्सिजन असतो. तेल, बाम, अत्तर, काही चालत नाही. एक ठिणगी पडली तर तुम्ही, मी आणि हे सगळे, समई होऊ आपण."

मंग मला बेसिनवर वाकवून दोनदा साबनानं धुतला. तवर आतली सगळी बॅच खोळंबली. तुमी दारापाशीच बसला होतात, हात गळ्यात अडकवलेला, केस कुनीतरी घाईत बांदलेले. तुमी माझ्या डोक्याकडं बगितलं.

"अहो, तुमचे केस किती आहेत?"

"चार असतील, काकू."

"चार केसांसाठी माझा हात थांबलाय."

मी म्हनलं, केस थोडे हायत पन मान मोठा हाय. बाकीचे हसले. तुमी भिंतीकडं बगायला लागलात. मी तवाच मनात म्हनलं, मेलो, ही बाई हसनारी नाय.

आख्खं कोन गाव माझ्यावर हसतं, काकू. हळदीला माइक माझ्या हातात देतात ते मी गातो म्हनून नाय, बायका हसून हसून लोळतात म्हनून. आनि तुमी भिंतीकडं.

दार बंद झालं, हवा दाबायला लागली. खोल पान्यात उतरल्यासारखे कान गच्च. सिस्टर म्हनाल्या, नाक दाबा, तोंड मिटा आनि फुंका, कान उघडतील. मी एवढ्या जोरात फुंकलं की कान सोडून बाकी सगळं उघडायची वेळ आली. (मंदानं हे लिवायला नकार दिला होता. मी म्हनलं काकूंना ठाऊक हाय, त्या शेजारीच होत्या.) मंग मास्क. मास्क लागला की बोलनं बंद. नुसते डोळे. आनि अधूनमधून सिस्टर मास्क काढायला लावायच्या, कारन सलग नुसता ऑक्सिजन पन बरा नाय. जरा वेळ साधी हवा घ्यायची, मंग परत मास्क. ती हवेची सुट्टी. आपली सगळी वळख त्या सुट्टीतली. मला शाळेत पन तेवढीच आवडायची.

त्यामुळं आपलं एकबी भांडन कदी पुरं झालं नाय. सुरू व्हायचं, रंगात यायचं, आनि सिस्टर म्हनायच्या, "चला, मास्क." तसंच गिळून बसायचं. तुमच्या डोळ्यांत पुढचं वाक्य तयार दिसायचं. दुसरी सुट्टी झाली की तुमी तिथूनच उचलायचात, एक शब्द नाय सांडायचा.

देवीचं भांडन तर अजून अर्धंच हाय. मी एकवीरा आईला नवस बोललो होतो, पाय रायला तर त्या पायानं पायऱ्या चढीन.

तुमी म्हनालात, "मग इथं कशाला येतोस? घरीच बस आणि वाट बघ."

"आई करनार हाय काकू, पन तिला पन कुनीतरी हाताखाली लागतं."

"म्हणजे डॉक्टर देवीच्या हाताखाली?"

"आनि तुमी कुनाच्या?"

"चला, मास्क."

बराच वेळ तुमी मास्कवरून माझ्याकडं बगत होतात. आनि मास्क निघाल्याबरोबर, "मी कोणाच्या हाताखाली नाही. टपाल खात्यात साहेबांच्या हाताखाली होते, तेवढं पुरे झालं." सिस्टर हसल्या, पलीकडच्या खुर्चीवरचे बाबा हसले, मी तर टाळी द्यायला हात पुढं केला. तुमचा चेहरा तसाच, भिजवलेल्या कनकेसारखा. हीच तर माझी जळजळ होती. हसवायचात तुमी माझ्यापेक्षा जास्त. आनि स्वतः कोरड्या.

मंग तो दिवस आला, ज्या दिवशी मी सोडायचं ठरवलं. कान दुखून दुखून गेले होते. पट्टी सोडली की आत तेच काळं. डॉक्टर म्हनायचे, थांबा, आत्ताच सांगता येत नाय. गावात मंदाचा भाऊ म्हनाला, "दाजी, हवा भरून पाय बरा होतो? मंग आपला पंक्चरवाला डॉक्टरच की." सगळे हसले, मी पन हसलो. रात्रभर तेच डोक्यात. कुनीतरी पाल्याचा लेप देनारा मानूस सांगितला होता. मी ठरवलं, बास.

सुट्टीत मास्क काढला आनि सांगितलं, "काकू, रामराम. उद्यापासून नाय येनार."

"का?"

"टायर नाय मी, हवा भरून घ्यायला."

तुमी एवढ्या शांतपने बोललात की मला रागवला असतात तर बरं वाटलं असतं. "घाबरट आहेस तू. बरं झालं नाही तर काय, ह्याची तुला भीती आहे. म्हणून आधीच पळतोयस. म्हणजे नंतर म्हणता येईल, मी पुरतं केलंच नव्हतं."

  मी म्हनलं, "मी पळनार कसा काकू? पाय कुठं हाय?"

हा चांगला होता. बाकीच्यांना हसू आलं. तुमाला नाय.

"हे बघ धर्मा," तुमी म्हनालात, "तू स्वतःला मोठा विनोदी समजतोस ना? मला हसवून दाखव. ज्या दिवशी मी हसेन त्या दिवशी तू सुटलास. लेप लाव, हवा सोड, काय वाटेल ते कर, मी एक शब्द बोलणार नाही. पण तोवर रोज यायचं. आहे हिंमत?"

"तुमी हसलात की मी सुटलो?"

"शब्द."

"चला, मास्क."

आनि मी मास्क लावून गालात हसत होतो. मला वाटलं, दोन दिवसांचं काम हाय. म्हातारीला हसवू, घरी जाऊ. आता सांगायला लाज वाटते, पन मी त्या दिवसापासून टाकीत यायचो ते पायासाठी नाय, सुटायसाठी.

रोज नवीन काढायचो. माझ्या लग्नात मी वेशीपाशी घोड्यावरून पडलो, घोडा एकटाच मंडपात पोचला आनि सासूबाईंनी अंधारात त्यालाच ओवाळलं, ते सांगितलं. तुमी म्हनालात, "मग त्याच्याशीच लग्न का नाही लावलं? मुलीनं नकार दिला नसता." (मंदा आता हसतेय.) बैलांच्या शर्यतीत मी माइकवर हरलेली जोडी जिंकली म्हनून पुकारलं आनि तिच्यावर गुलाल टाकायला लावला, ते सांगितलं. तुमी म्हनालात, "पुढं?" पुढं काय, मार खाल्ला. "बरोबर केलं त्यांनी."

मंग शेवटचा पत्ता काढला. मंडपाचा किस्सा. तो मी कुनाला सांगत नाय, कारन त्यात मी लयच गाढव हाय.

मला वाचायला येत नाय धड. अक्षरं एकेक वळखतो, पन शब्द जुळेपर्यंत टेम्पो पुढं जातो. एकदा एका गावात पाटलांच्या घरी लग्न आनि त्याच आळीत दुसऱ्या पाटलांच्या घरी तेरावं. दोन्ही कामं माझीच. मी पहाटे गेलो. एक घर बंद, एका घरापुढं मानसं बसलेली. मानसं हायत म्हनजे लग्नघर. मी लाल मखमलीचं गेट काढलं, झालर लावली, फुलांच्या कमानी लावल्या. लोक गप्प बगत होते. मला वाटलं, काम आवडलंय. शेवटी वर सोनेरी अक्षरांची पाटी चढवली, खाली उतरलो, दोन पावलं मागं झालो, आनि आतून एक म्हातारा भाईर आला...

"चला, मास्क."

काकू, तुमचे डोळे! सगळा वेळ तुमी माझ्याकडं बगत होतात. मी मुद्दाम खिडकीकडं बगितलं. मास्क निघाला तसं तुमी म्हनालात, "हं, म्हातारा."

म्हाताऱ्यानं वर बगितलं. पाटीवर लिवलं होतं, शुभविवाह. घर तेराव्याचं. त्याची बायको गेलेली. त्यानं पाटी दोनदा वाचली, मंग मला जवळ बोलावलं आनि हळूच म्हनाला, "बाबा, माझी तयारी हाय. पन आधी पोरांना इचारायला लागंल."

पलीकडचे बाबा पोट धरून वाकले. मी फकस्त तुमाला बगत होतो. तुमी रुमाल मागितलात. तोंडाला लावलात. म्हनालात, "एवढंच?" आनि सिस्टरना म्हनालात, "मास्क द्या लवकर. वेळ झाली." वेळ झाली नव्हती.

मास्क लागला, आनि जरा वेळानं तुमचे खांदे हलायला लागले. सिस्टर ताडकन उठल्या. त्यांनी आमाला पयल्याच दिवशी सांगितलं होतं, ऑक्सिजन जास्त झाला तर कुनाकुनाला झटका येतो, चेहरा, हात थरथरतात, लगेच सांगायचं.  सिस्टर तुमच्यावर वाकल्या, मास्क बाजूला केला, तुमी त्यांच्या कानात काय तरी बोललात, अंगठा दाखवलात. भाईर आल्यावर मी इचारलं, काय झालं काकू? तुमी म्हनालात, "उचकी लागली. सकाळी लाडू खाल्ला होता." मी त्या रात्री मंदाला सांगितलं, उद्यापासून त्या बाईला जोक सांगायला नको, मरेल बिचारी. मंग दुसऱ्या दिवशी परत सांगितला. सुटायचं होतं ना मला.

पन तवर पाय बदलायला लागला होता. मला कळलं नाय, मंदाला कळलं. एका सकाळी पट्टी सोडली आनि ती ओरडली, "अवो, लाल!" काळ्याच्या मधी लाल, ओलं, दानेदार. मी टाकीत येऊन तुमाला सांगितलं, "काकू, कल्ले लाल झाले. मासळी ताजी हाय."

तुमी तोंड वाकडं केलंत. "शी! जखमेला मासळी म्हणतोस?"

"मंग काय म्हनू?"

"डाळिंब म्हण."

"डाळिंब कदी घेतो आमी? कल्ला रोज बगतो." हे भांडन पन अर्धंच रायलं. पन तुमी त्या दिवशी मला तीनदा इचारलंत, नक्की लाल ना? कडेला पन?

आनि तुमच्या हाताचं काय? मी कदी नीट इचारलं नाय. दोन बोटं आधीच कापली होती, उरलेला पंजा वाचवायला तुमी बसत होतात. त्याबद्दल तुमी बोलला नाय. जोक करनाऱ्या मानसाला असल्या वेळी तोंड नसतं, काकू. एकदा फकस्त, तुमी आलात तर तुमचा अंबाडा एका बाजूला कलंडलेला होता. पिना भाईर. मी तोंड उघडलं आनि मिटलं. मला कळलं होतं, आज तो तुमी स्वतः घातलाय, त्या हातानं. तुमी आत येऊन बसलात आनि म्हनालात, "बोल की. आज गप्प का?" मी म्हनलं, आज काय सुचत नाय. तुमी तुमचा तो हात डोक्याकडं नेलात, अंबाडा चाचपलात आनि खाली ठेवलात. सगळ्या टाकीत तेवढीच एक सुट्टी आपन दोघं गप्प बसलो.

मंग एक दिवस डॉक्टर म्हनाले, पुरे. कापड धरलं. पाय रायला. टाकीनं एकटीनं नाय केलं म्हनाले, ऑपरेशन, पट्ट्या, औषधं, सगळ्यांनी मिळून. पन ती नसती तर सांगता येत नाय. मी कुबड्या घेऊन तुमच्यापाशी आलो. "काकू, मी हरलो. तुमी नाय हसलात."

"हो, हरलास," तुमी म्हनालात. "आता चालता हो."

आनि भिंतीकडं बगितलंत.

मी तुमचे आभार मानले नाय. मला वाटलं, हरलेला मानूस आभार कसले मानतो? मंग मी पायऱ्या चढलो, आईचा प्रसाद घेऊन विचुंब्याला आलो. तुमी प्रसाद डोक्याला लावलात आनि म्हनालात, "बघ, माझ्या हाताखालच्या डॉक्टरनं काम केलं." मी म्हनलं, तुमच्या नाय, आईच्या. तुमी म्हनालात, बस, चहा घे, मग भांडू. चहा झाला आनि अश्विनीताईचा फोन आला. ते रायलं ते रायलं.

आनि गेल्या पंधरवड्यात सकाळीच तिचा फोन. छातीत दुखलं, पानी मागितलं, आनि झालं. पान्याचा तांब्या तिच्या हातातच होता.

मी आलो तवा तुमाला खाली आनत होते. बिल्डिंगीत बाप्ये थोडे, सगळे कामावर. खांदा द्यायला एक कमी पडत होता. कुनीतरी म्हनालं, काका, तुमच्या पायाला... मी म्हनलं, ह्याच पायानं द्यायचा हाय. गेटपर्यंतच होतं, तिथं गाडी उभी. पन मी लंगडतो, काकू. माझ्या बाजूनं तुमी खाली वर, खाली वर. मागचा मानूस म्हनाला, "अहो, जमत नसेल तर बदला." मला तुमचा आवाज ऐकू आला, खरंच सांगतो. "धर्मा, मला न्यायचंय की पाखडायचंय?" मी दात दाबून धरले. गेट आलं. पाय टिकला.

आता कालची गोष्ट.

सकाळी टेम्पो पार्किंगात लावला. (दगड मागच्या बाजूनं लावला.) खुर्च्या उतरवल्या, पांढरं कापड बांदलं, तुमचा फोटो टेबलावर. अश्विनीताई हार घालत होती. सिस्टर पन ड्युटीवरून सरळ आलेल्या. आनि माझ्या मानसानं टेम्पोतून शेवटचं सामान ओढलं. लाल मखमल. सोनेरी अक्षरं. संध्याकाळी पळस्प्याला लग्न होतं, ते गेट मी काढायलाच विसरलो होतो. तो पाटी हातात धरून, सगळ्यांसमोर, मोठ्यानं इचारतो, "शेठ, ही कुठं लावू?"

मी पाटीकडं बगितलं, मंग तुमच्या फोटोकडं. फोटोत तुमी तशाच, भिजवलेली कनीक. आनि मला हसू आलं, काकू. पोटातून आलं. तेराव्याच्या घरात. मी रुमाल काढला, तोंडात कोंबला, भिंतीकडं फिरलो. खांदे हलायला लागले, थांबेनात. अश्विनीताई धावत आली, पाठीवर हात ठेवला, "काका, रडू नका हो." ते ऐकून मला खरंच रडू आलं. मंग दोन्ही एकदम.

सिस्टर जवळ आल्या, माझ्याकडं निरखून बगितलं आनि म्हनाल्या, "काकूंना पण अगदी असंच झालं होतं."

"कवा?"

"टाकीत. तुम्ही तो मंडपाचा किस्सा सांगितलात तेव्हा. मला वाटलं झटका आला. मास्क काढला तर डोळ्यांतून पाणी, हसून हसून. मला म्हणाल्या, त्याला सांगू नका. त्याला कळलं तर तो उद्यापासून यायचा नाही." सिस्टर थांबल्या. "तुम्हाला माहीत नव्हतं? रोजच हसायच्या त्या. म्हणून तर मास्कची घाई असायची त्यांना."

मी डुगडुगत्या खुर्चीवर बसलो ते तवा.

म्हनजे तुमी खोटं बोललात. शब्द दिला होता तुमी, टपाल खात्यातल्या बाईनं. मी कवाच जिंकलो होतो. कवाच सुटलो होतो. पायाचं पयलं लाल दिसायच्या आधी. घरी गेलो असतो, पाल्याचा लेप लावला असता, आनि काल तुमच्या तेराव्याला एका पायावर आलो असतो. काल सगळा वेळ मी त्या पायाकडं बगत बसलो, आनि लोकांना वाटलं, मानूस किती दुःखात हाय.

लबाड काकू.

पाटी मी परत टेम्पोत टाकली, तुमच्याकडं तोंड करून नाय, उलटी. संध्याकाळी पळस्प्याला गेट चढवलं. ह्या वेळेला दोघांकडून वाचून घेतलं आनि घरच्यांना इचारलं, लग्नच हाय ना? ते म्हनाले, हो. मी म्हनलं, नक्की? तिथं उभा रायलो आनि वाटलं, हे काकूंना सांगायला पायजे. टाकीत असतो तर सुट्टीपर्यंत थांबलो असतो.

म्हनून आता सांगतोय. आता सिस्टर मास्क म्हननार नाय. रुमाल नको, भिंत नको, लाडूचा बहाना नको. देवीचं भांडन काढा, मासळीचं काढा, जे अर्धं हाय ते सगळं काढा, मी हाय. मोकळं हसा, काकू.

आता तुमी हसलात तरी मी कुठं जात नाय.